रिकाम्या दावणीला आवतन

मनकर्णा : मांजरीनं न्हेली म्हनायलाव? हळद-लोण्याची वाटी मांजर गोठ्यात न्हेऊन ठिवती, ती बी वर झाकण घालून?

बन्सीधर : न्हेली आसंल. तू तुझं पुरण वाट.

मनकर्णा : अहो, उन्हाळ्यात बैल इकले आपण. गोठ्यात डिझेलच्या कॅनीबिगर काई न्हाई. मंग काल सांजंला खांद कुनाचे मळले? कॅनीचे?

बन्सीधर : कुनाचेच न्हाई. जन्मभर पोळ्याच्या आदल्या सांजंला वाटी घेऊन गेलो, काल बी पाय आपोआप गेले. मळायला हात उचलला तवा ध्येनात आलं, पुढं खांदच न्हाईत.

मनकर्णा : मंग तसंच आलाव माघारी?

बन्सीधर : आलो. पर तवर तोंडातनं निघून गेलतं.

मनकर्णा : काय निघून गेलतं?

बन्सीधर : 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.'

मनकर्णा : आता हासू का रडू मी? रिकाम्या दावणीला आवतन दिलं तुमी.

बन्सीधर : हास. पर सरजाबाईला सांगू नको, गावभर करंल.

मनकर्णा : तिनंच सांगितलं मला. भितीपल्याड शेण भरायलती. म्हनली, भाऊजी गोठ्यात उभं राहून कुनाला तरी जेवायला बोलवायलेत, तब्येत बरी हाय ना.

बन्सीधर : झालं मंग. गेली इज्जत.

मनकर्णा : इज्जत जाईल ती पावना उपाशी राह्यला तर. ह्या घरातनं आवतन गेलं आन ताट वाढलं न्हाई, आसं माझ्या सासूच्या राज्यात झालं न्हाई. माझ्या बी होनार न्हाई.

बन्सीधर : पावने पोखर्णीला हायत. बैल घेतलेल्या परमेश्वरच्या दावणीला.

मनकर्णा : मंग ताट पोखर्णीला न्हेऊ.

बन्सीधर : येडी झालीस का? इकलेल्या बैलाच्या दारी सणाला कुनी जातंय का? त्यो काय म्हनंल?

मनकर्णा : काई म्हनू द्या. हे पुरण बगा केवढं हाय. डाळ मापताना माझा बी हात थांबला न्हाई. पाखऱ्या आन हरण्याचं धरूनच पडली पातेल्यात. आता कुनाच्या घशात घालू? आन माळवदावर पोत्याखाली काय दडवलंय, ते बी माहीत हाय मला.

बन्सीधर : दोऱ्या हायत. घरात लागत्यात.

मनकर्णा : घरात लागनाऱ्या दोऱ्याला लाल गोंडे लावतेत का? भक्तीच्या स्वेटरची लोकर गायब झाली तवाच समजले मी. नातीच्या लोकरीवर डल्ला मारला तुमी.

बन्सीधर : तिला दुसरी आणून दिली की सोनपेठच्या बाजारातनं. आमच्या घरात पोळ्याला बैलाच्या तोंडावर इकतची मोरकी कवा चढली न्हाई. आज्ज्यानं वळली, बापानं वळली. पावसाची झड लागली, कोपऱ्यात अंबाडी दिसली की हात गप बसंनात. म्या तरी काय करू?

मनकर्णा : चला म्हनते ना मी. न्हेऊन द्या.

बन्सीधर : आन त्यायनं मला ओळखलं न्हाई तर?

मनकर्णा : आन ओळखलं तर?

बन्सीधर : तेचीच जास्त भीती वाटायलीय. माघारी कसा येऊ मी?

मनकर्णा : मी हाय ना संगं. उठा. आपल्या पोरानं, हरिओमनं ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभा केलाय. त्योच सोडंल आपल्याला.

बन्सीधर : ज्या ट्रॅक्टरपायी बैल इकले, तेच्यावर बसून बैलाच्या दारी जायचं?

मनकर्णा : मंग चालत चला. पोळ्या थंड होतील, दुसरं काय.

(पोखर्णी. परमेश्वरचं अंगण. लिंबाखाली शिंगं रंगवलेले दोन बैल. हरिओम ट्रॅक्टर घेऊन पुढं गावात गेलाय.)

परमेश्वर : काका? काकू तुमी बी? आज सणाचं इकडं कसं काय? काई टेन्शन हाय का?

बन्सीधर : न्हाई बाबा. नरसिंहाच्या दर्शनाला आलतो. जाता जाता म्हनलं डोकावं.

मनकर्णा : दर्शनाला दुरडीभर पोळ्या घेऊन? परमेश्वर, तुझ्या काकानं काल रिकाम्या गोठ्यात जाऊन ह्या दोघायला जेवायचं आवतन दिलं. आता ते पुरं करायला आलाव.

परमेश्वर : माझ्या बैलायला? तुमी?

बन्सीधर : चुकून गेलं रे तोंडातनं.

परमेश्वर : काका, राग नका मानू, पर पोटातलं सांगतो. आमची जिंदगी दुसऱ्याच्या ऊसाच्या फडात गेली. बैलगाडी बी मुकादमाचीच आसायची. दारात सोताचे बैल हे पयल्यांदाच. दैवशालेनं पहाटं उठून निवद केलाय, आत ताट वाढायलीय. पयला घास तुमच्या पोळीचा गेला, तर लोक म्हनतील बैल आजून बन्सीकाकाचेच हायत. लोकाचं सोडा, मलाच तसं वाटंल.

बन्सीधर : बराबर हाय तुझं. चल गं, निघू.

मनकर्णा : थांबा की. एवढ्या लांब आचके-दचके खात आले, निघायला न्हाई. लेका, पयला घास तुझ्या दैवशालेचा. घरधनीन ती हाय. आमी आवतन देऊन फसलेली मानसं, आमचा घास दुसरा. चालंल का?

परमेश्वर : चालंल काकू. लय चालंल. ए दैवशाला, आण ताट भाईर. काका, तुमी उन्हात कामून उभे? सावलीला या.

बन्सीधर : ही मोरकी नायलॉनची हाय का रे?

परमेश्वर : हाव. परभणीतनं आणली. मस्त गुलाबी हाय ना?

बन्सीधर : गुलाबी हाय, पर पाखऱ्याचं कातडं नाजूक. कानामागं कातरंल. ह्या घाल. अंबाडीच्या हायत, हातानं वळल्यात.

परमेश्वर : गोंडे बी? काका, आख्ख्या पोखर्णीत आसं कुनाच्या बैलाला न्हाई. घाला मंग तुमीच.

बन्सीधर : म्या न्हाई. सणाची मोरकी मालकानं घालायची आसती. तू घाल. हां, कानाखालनं घे. आता गाठ मार. तसं न्हाई, उलटी.

मनकर्णा : घालायची न्हाई म्हनतेत आन सगळं हेच करायलेत.

परमेश्वर : झालं. दैवशालेचा घास बी खाल्ला दोघायनं. या काका, आता तुमचा. आरं, पाखऱ्या बघा की, तुमच्याकडं ओढ घ्यायलाय. धोतराचा वास घ्यायलाय.

बन्सीधर : चाटायलाय मला. मनकर्णा, बघ, ओळखलं तेनं.

मनकर्णा : ओळखंल न्हाई तर काय. डोळे पुसा, पोळी ओली व्हायलीय.

बन्सीधर : खा बाबा, खा. उशीर झाला, पर आणलं बघ मी.

परमेश्वर : दैवशाला, बादली आण. पाखऱ्या, हाऽ, पानी. ये राजा.

मनकर्णा : बया. हाकंसरशी गेला की. आर्धी पोळी तुमच्या हातातच राह्यली.

परमेश्वर : काका, वंगाळ नका वाटून घेऊ. मी रोज आसाच बोलवतो पान्याला, सवय लागलीय तेला. थांबा, वळवतो माघारी.

बन्सीधर : नको वळवू. पिऊ दे. उन्हाळ्यापस्नं जिवाला घोर होता, हे दोघं मान वळवून आमच्या गावाकडंच बघत बसले आसतील म्हनून. त्यो तर तुझ्या हाकंला गेला. आता मला बी वाढा काईतरी, लय भूक लागलीय.