नुसतं पलीकडे तर जायचंय!

नाही, झेब्रा पट्टे आहेत की! नाही कोण म्हणतंय? रंग उडालाय, पण नीट बघितलं तर दिसतात... फक्त त्यांच्यावर रिक्षा उभ्या असतात. तुम्हाला सांगते, लग्न करून मी कासारवाडीत आले, चाकणच्या कंपनीत नोकरी लागली, कंपनीची बस मोठ्या रस्त्याच्या त्या बाजूला येते आणि आमचं घर या बाजूला. नुसतं पलीकडे तर जायचंय! पण दोनदा बस चुकली, आणि कंपनीतल्या आमच्या साहेब विजयश्री मॅडम म्हणाल्या, "मैत्री, आता चुकली तर घरीच बसा."

घरात ज्याचा त्याचा वेगळा सल्ला. आमचे हे, धम्मरत्न, सिग्नलवाले. "खांबावरचं बटण दाब, हिरवा माणूस दिसला की चालायला लाग." दाबलं. दाबतच राहिले. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "पोरी, ते बटण कशालाच जोडलेलं न्हाई. आमी आपलं उगंच दाबतो." तरी हिरवा माणूस आला हो, आपला आपणच! मी पाऊल टाकलं, तर डावीकडून टेम्पो... त्यालाही हिरवाच! आणि तो दिव्यातला माणूस बघते तर जीव घेऊन पळतोय!

सासरे अर्जुनराव भुयारी मार्गवाले. "सूनबाई, खालून जा, गाडीचा संबंधच नाही." गेले. आत अंधार आणि चार तोंडं! धापा टाकत वर आले, तर समोर आमचाच किराणावाला. "वहिनी, काही विसरलं का?"

नणंद निशिगंधा म्हणते, पूल! चढले. तो पूल रस्त्याच्या मधल्या बसथांब्यावरच संपतो. अर्धा रस्ता ओलांडून मिळतो, उरलेला ज्याचा त्याने बघायचा. अहो, नुसतं पलीकडे तर जायचंय!

आज मात्र सासूबाईंनी, चतुराबाईंनी, हाताला धरलं. "बटण नको नि पूल नको. माणसं जमू दे." जमली. दूधवाला, दोन शाळकरी पोरी, हार घेतलेले एक गृहस्थ... सासूबाईंनी हात वर केला आणि आमची वरात निघाली. एक मोटारसायकलवाला ओरडला, "ओ मावशी, मरायचंय का?" "तुझ्या लग्नात जेवल्याबिगर न्हाई मरत!" तो हसला, थांबला, त्याच्यामागे ट्रकसुद्धा थांबला! आणि मी... पलीकडे! वेळेत! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

पण बस कुठाय? तेवढ्यात फोन, आमचे ड्रायव्हर समाधानदादा. "मॅडम, बिनघोर राहा. तुम्हाला रोज तिकडं अडकलेलं बघवेना, म्हणून आज पुढून वळसा मारून गाडी तुमच्या बाजूला आणलीय. हितं थांबू देत नाहीत, लवकर या. कुठल्या बाजूला आहात?"

म्हटलं, "तुमच्या."