पाळण्याच्या फटीचं कारण

हॅलो?… हो ताई, ऑफिसातच. मानक संस्थेत माणसं चहालासुद्धा ठराव करून उठतात, मी जाणार कुठे?

हो, हो… अगं ऐक ना… पाळण्यांच्या नव्या मानकाचा मसुदा आज पाचला मंजूर होतोय. भाऊजींनी विरोध केलाय, माहीत आहे गं! समितीची सचिव मीच ना?

नाही… तुझ्या नवऱ्याचं मत मी खाल्लं नाही! विरोध करायचा तर तांत्रिक कारण द्यावं लागतं. त्यांनी कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय? 'वरीलप्रमाणे.' आणि वर काय? कारखान्याचा शिक्का!… हसू नको तर काय करू?

आम्ही? छे! आम्ही एक अक्षर लिहीत नाही. कारखानदार, डॉक्टर, ग्राहकवाले, सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं, पाणी द्यायचं, आणि भांडून दमले की जे उरेल त्याला राष्ट्रीय मानक म्हणायचं… हो, त्याचाच पगार घेते!

सक्ती कसली? ऐच्छिक आहे. खुशाल बनवा जुने पाळणे, पोलीस येणार नाहीत… दुकानदार घेणार नाहीत, ते वेगळं… गोदाम भरलंय? अगं, मग कठड्याला दोन-दोन पट्ट्या वाढवा! सोन्याच्या आहेत का त्या?

घर फिरलं की वासे फिरतात?… वासे राहू देत ताई, पट्ट्यांचं बघ. त्या डॉक्टरीणबाईंनी भर बैठकीत बाहुलीचं डोकं भाऊजींच्या पाळण्याच्या फटीत घातलं. आत गेलं सुळकन, बाहेर येईना. भाऊजी काय म्हणाले ठाऊक आहे? 'बाहुली सदोष आहे'… अगं खरंच! इतिवृत्तात आहे.

शेजारीच बसलेत? मग दे की त्यांना. पाच वाजेपर्यंत फोनवरही कारण नोंदवता येतं…

नमस्कार भाऊजी… ओरडू नका, पेन घेतलंय हातात. हं, सांगा. बाळाचं डोकं जाईल एवढी फट हवीच, कारण?…

लाकूड महाग… हे तांत्रिक नाही… वडिलांपासून अशीच चालत आलीय… हेही नाही, भाऊजी…

काय?… मूल हुशार असेल तर अडकणार नाही? लिहू? तुमच्या नावानिशी?… नको?… बरं, खोडलं. मग काय लिहू?…

भाऊजी?… मी थांबलेय…

हे बघा, गप्प राहिलात तर आमच्यात त्याला संमती धरतात बरं का…

हॅलो?… हॅलो?