मंजुळाबाईची भिंत

...अहो, पुढं काहून चालले? थांबा की जरा! सकाळपासून समद्यांचं असंच होऊन राहिलं बघा. तिकडं सूर्यकांत मास्तरांच्या तळ्याच्या चित्रापुढं लोक पाव पाव तास उभे, त्या जिवनबाईच्या आरशांच्या घागऱ्यापुढून बाया हलायला तयार न्हाईत, जो तो आपलं कुंकू नीट करून राहिला आरशात... आन इथं आलं की, "ही भिंत दिसते," म्हणायचं आन पुढं! भिंत हाये म्हणून भिंत दिसते, पण ही वाचनालयाची भिंत न्हाई हो. वाचनालयाची भिंत हिच्या मागं हाये. ही माझ्या घरची हाये, गाडीत घालून आणलेली. हिच्यावर चित्र हाये. दिसत न्हाई. पण हाये.

हसू नका. तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस न्हाई. आमच्या गावात कुणालाबी विचारा, किसन भिंतवाला कसा हाये, ते म्हणतील, "त्याला आज राम राम घातला तर तो उद्या राम राम म्हणतो." खरं हाये. घरात बोलायचं काम तिच्याकडं होतं, तिच्याकडं म्हंजे माझ्या घरच्यांकडं, मंजुळाबाई, हे बघा हितं कागदावर नाव लिवलं हाये. आन मी भिंती घालायचो. माती भिजवायची, भुसा टाकायचा, पायानं तुडवायची, थरावर थर. पन्नास वर्षं हेच केलं. या बाजूच्या सात गावांत माझ्या भिंती उभ्या हायेत, अन् एकीनंबी आजवर मान टाकली न्हाई. आता मला सांगा, एवढ्या भिंती घालणारा माणूस आपल्याच घराची भिंत कापून गाडीत घालील का? न्हाई घालणार. मग मी काहून घातली? सांगतो. तेच तर सांगून राहिलो.

या वाचनालयाची मागची भिंत पावसात बसली. म्हणून मला बोलावलं. मी आपला मागं माती तुडवून राहिलो, आन हितं आत ही गडबड. तुमचे हे चिटणीस मार्तंडराव, माणूस भला, पण बोलणं गाडी सुटल्यावानी. "खिळे कुठं हायेत? सुतळी आणा! परवानगीचा कागद आला का?" कारण आपल्याकडं चार माणसं एका जागी जमायची म्हणलं की आधी सरकारचा कागद लागतो, मग ते चित्र बघायला का जमेनात. मी विचारलं, काय हाये हे? तर म्हणले, "नुमाइश आहे किसनबाबा, प्रदर्शन. आपल्या भागातल्या लोकांनी हातानं केलेल्या वस्तू. चित्रं, भरतकाम, लाकूडकाम. बाहेरचं काही नाही, सगळं आपलं."

मी दोन घमेली माती टाकली. मग विचारलं, घरच्या माणसानं काढलेलं चित्र चालंल का?

"न चालायला काय झालं?"

आणखी दोन घमेली टाकली. मग विचारलं, पण भिंतीवरचं हाये. चालंल का?

तर हे काय म्हणावं! "अहो किसनबाबा, भिंतीवरचंच तर पाहिजे! जमिनीवर ठेवायला जागा कुठंय?"

आता सांगा तुम्हीच. भिंतीवरचंच पाहिजे! त्यांच्या मनात भिंतीवर टांगायचं. माझ्या मनात भिंतीवर काढलेलं. शब्द एकच, न्हाई का? चूक कुणाची? कुणाचीच न्हाई. मी घरी गेलो आन कुदळ काढली.

व्हय, पण का काढली ते सांगायचं राहिलं. आमच्याकडं नागपंचमीला बाया भिंतीवर नाग काढतात. तुमच्याकडंबी काढत असतील. आधी भिंत सारवायची, मग चुना, गेरू, काजळी, आन बोटानं पाच नाग काढायचे, पूजा करायची, झालं. पण हिचं तिथं होत न्हवतं. पाच नाग झाले की बोटाला रंग उरायचा. मग म्हणायची, "उरलाय तर वाया काहून घालवू?" आन नागांच्या बाजूला कयाधू नदी काढायची, कडेनं चिंच, चिंचेखाली आमचा एका शिंगाचा बैल, त्याच्या पाठीवर कोंबडी. कोंबडी बैलाच्या पाठीवर काहून? तर म्हणे, "खाली चिखल हाये." चित्रात चिखल काढलेलाच न्हवता! पण कोंबडीला ठाऊक होता.

आन कोपऱ्यात मी. बसलेला. डोईला पटका, हातात थापी, समदं बराबर. फक्त तोंड न्हाई. म्हंजे चेहरा हाये, डोळे हायेत, मिशाबी हायेत, मिशाच्या खाली मोकळं. मी म्हणलं, "तोंड काहून न्हाई काढलं?" तर कशी म्हणाली, "काढून काय करू? तुमी वापरता का?"

...हसा. यावर हसा. तीबी लई हसली होती.

ती मागच्या नागपंचमीची गोष्ट. कार्तिकात ती गेली. तीन दिवसांचा ताप, चौथा दिवस न्हाई.

आता तुम्हाला खरं सांगतो, कारण तुम्ही परके. लगीन होऊन आली तेव्हापासून एकूणचाळीस नागपंचम्या त्या एकाच भिंतीवर तिनं काढल्या. दर साली जुनं सारवून टाकायची आन वर नवं काढायची. एकूणचाळीस! अन् मी काय केलं? मी दारातून बाहेर जायचो, दारातून आत यायचो. भिंत कुठं फुगली का, पोपडा धरला का, ते बघायचो. भिंतवाल्याची नजर! चित्राकडं बघून एक डाव, नुसता एक डाव, "चांगलं झालं" असं म्हणलो न्हाई. जिभेला काय झालं होतं? काय पैसे पडत होते का? न्हाई हो. वाटायचं, पुढच्या साली म्हणू. घरचंच माणूस, जातंय कुठं?

म्हणून मला पायजे होतं की शहाण्या लोकांनी, पुस्तकं वाचणाऱ्यांनी, हिच्यापुढं उभं राहून एक डाव म्हणावं, वा, चांगलं झालं. माझ्याकडून राहिलं ते दुसऱ्याच्या तोंडून तरी व्हावं. एवढंच. दुसरं काय मागतो मी?

तर आठ दिवस कापून राहिलो. चित्राच्या कडेनं आरपार खाच घेतली, मागून ओली पोती लावली, बाजेचा सांगाडा खाली सरकवला. माझा पोरगा संतराम म्हणतो, "बा, घर पडंल!" म्हणलं, भिंत कुणी घातली? तुझ्या बानं. पडणार न्हाई. शेजारची माणसं दारात गोळा. "किसननं बोलणं तर सोडलंच होतं, आता घरबी सोडून राहिला!" दोन हात लांब, दीड हात उंच, वीतभर जाड असा तुकडा सुटला, आन एकबी तडा न्हाई, बरं का. चौघांनी उचलून कडब्यावर ठेवला. मी गाडीत तिच्याशेजारी बसलो, धक्का बसला की हात लावायचो. लग्नाची वरात घेऊन आलो तेव्हा मी गाडीत झोपलो होतो. आता झोपलो न्हाई.

रस्त्याला चौकीवर जवान उभा. "ए बुढ्ढे, क्या है गाडी में?"

म्हणलं, "दीवार है साब."

"किसकी?"

"बायकूची."

तो गाडीभवती एक चक्कर मारून आला. पोतं उचलून बघितलं. "अरे, दीवार कां ले जा रा? दीवार चलती क्या?"

"चलती न्हाई साब, म्हणून तो गाडी में डाला."

त्यानं लई विचार केला. काय काय न्यायला मनाई हाये ते त्याला पाठ असंल, पण त्यात भिंत न्हवती. "जाव," म्हणला.

आन हितं! मार्तंडराव दारात उभे, हातात खिळा आन हातोडी. गाडीकडं बघून राहिले, खिळ्याकडं बघून राहिले. "किसनबाबा... हे... हे कशावर टांगायचं?" म्हणलं, तुम्हीच बोलले, भिंतीवरचंच पाहिजे. माणूस भला म्हणलो ना मी? रागावले न्हाईत. पोतं काढल्यावर खाली बसले आन बघून राहिले. मग म्हणले, "नाव सांगा." म्हणलं, संतरामची माय. "तसं नाही. ज्यांनी काढलं त्यांचं नाव." आता आमच्यात बायकोचं नाव घ्यायची रीत न्हाई. एकूणचाळीस वर्षं "अगं" आन "ऐकलं का" यावर संसार केला. पण कागद कोरा ठेवावा का? म्हणलं, "मंजुळा." दोनदा सांगावं लागलं. त्यांनी वळणदार अक्षरात लिवलं, मंजुळाबाई. मला वाचता येत न्हाई, पण तो कागद म्या वळखतो.

मग गोडच झालं म्हणायचं! न्हाई झालं. दुसऱ्या दिवशी तालुक्याचे मोठे साहेब नुमाइश उघडायला येणार. मी पहाटं नदीवर आंघोळीला गेलो. परत येतो तर हितं समदं चकाचक, जमीन सारवलेली, उंबऱ्याला रांगोळी, आन ही... ही अशी. जशी तुम्ही बघून राहिले तशी. कोरी. तेव्हा ओलीबी होती, शेणाचा वास.

धुरपताबाई हितली झाडलोट करतात. पदराला हात पुसत पुढं आल्या, तोंडावर हसू मावंना. "दादा, तुमची भिंत लई मळली होती बघा! काळे, तांबडे डाग, लेकरांनी बोटं पुसल्यावानी. साहेब येणार आन मळकी भिंत बरी दिसते का? दोनदा हात फिरवला. आपल्या घरची समजून सारवली."

आपल्या घरची समजून. मार्तंडराव मागून आले आन त्यांनी सांगितलं तिला. ती मटकन खाली बसली. "देवा रे, नाग होते का? म्या नागांवर हात फिरवला?" दिवसभर पाणी प्याली न्हाई. मीच म्हणलं, बाई, तुमी काय केलं? दर साली तीबी हेच करायची. भिंत दिसली की बाईचा हात थांबत न्हाई.

मग साहेब आले. तळं बघितलं, घागरा बघितला, अन् हिच्यापुढं उभे राहिले. मार्तंडरावांना घाम फुटलेला. साहेबांनी हाताची पाठ लावून बघितली, अन् म्हणले, "वाह! क्या सफाई है! न लकीर, न दाग!" म्हणले, जमिनीवर असं सारवण म्या पाहिलं, भिंतीवर न्हाई पाहिलं. कुणाच्या हातचं? लोकांनी धुरपताबाईला पुढं ढकललं, साहेबांनी तिला खण दिला. टाळ्या वाजल्या. मीबी वाजवल्या. लोकांनी हिच्यापुढं उभं राहून "वाह" म्हणावं अशी इच्छा होती ना? म्हणलं की लोकांनी! देव ऐकतो, पण अर्धंच ऐकतो.

आता तुम्ही म्हणाल, खरवडून काढा. समदे म्हणतात. मास्तर म्हणले, ओल्या फडक्यानं. जिवनबाई म्हणते, "पीस घे पीस, मोराचं, हळूच." म्या बघितलं करून, ह्या कडेला, नखभर. शेण निघालं आन त्याच्यासंगं गेरूबी निघाला. नखात तांबडा आला. एवढा. चिंचेचा शेंडा असंल. मी हात मागं घेतला. दोन दिवस ते नख धुतलं न्हाई. काढायला गेलं तर ती जाते, अन् न्हाई काढलं तर ती आतमंदी धड हाये. मग मी दोन्हीतलं कोणतं करू? सांगा.

म्हणून हितं बसून सांगून राहिलो. हितं पाच नाग. हितून नदी जाते, अशी. हा बैल. ही कोंबडी, खाली चिखल हाये. हितं मी. दिसत न्हाई. पण हाये. अन् धुरपताबाईबी रोज झाडू टेकवून उभ्या राहतात, "दादा, नदीच्या पलीकडं काय होतं?" पलीकडं काय न्हवतं बाई. तर म्हणतात, "आठवा जरा." मग मला आठवतं. एक खोपट होतं बहुतेक. धूरबी होता.

तर आता अडचण ही हाये. उद्या हे संपतं. मार्तंडराव म्हणतात, परवापासून या जागी वर्तमानपत्रांचं मेज यायचंय, भिंत घेऊन जा. काल संतराम आला होता. म्हणलं, आण गाडी. तर तो पायाकडं बघून राहिला. म्हणला, "बा, तिथं खिडकी बसवली." कसली खिडकी? "तुमी कापलं ना, तिथं. तुमची सून म्हणती, मामंजींना सांगा, लई उजेड येऊन राहिला, तांदळातला खडा दिसतो, आता भिंत आणू नका. अन् घरात टेकवून ठेवली तर लेकरं पाडतील अंगावर." बरोबर हाये तिचं. तिच्यावर रागावता येत न्हाई. दीड खोलीचं घर, मीच बांधलेलं, अंधार लई होता. अन् बाहेर ठेवली तर पहिल्या पावसात हिची माती होईल.

म्हणून तुम्हाला थांबवलं. तुम्ही चांगल्या घरचे दिसता. तुमच्याकडं एखादी भिंत कमी हाये का? फुकट देतो. मी स्वतः येऊन बसवून देतो, ओळंबा लावून, सांधा दिसायचा न्हाई. तुमच्या घरच्या बायांनी श्रावणात सारवून वर आपले नाग काढले तरी माझी ना न्हाई, हिचीबी नसंल. फक्त महिन्यातून एकदा मला समोर घडीभर बसू द्यायचं. चहा नको.

...न्हाई? तुमच्याकडं दगडाचं बांधकाम हाये. बरं.

अन् तुम्ही, दादा? ...जागा न्हाई. बरं, बरं.

पावसाळ्यापुरती तरी?