चौथ्या मजल्याजवळचा पिवळा

नाही, आत यायचं नाही, परांचीवरच थांबा, कॉफी खिडकीतून देते — आणि बिस्किट एकच. ग्रोनिंगनमध्ये एकच देतात, तुमच्या रॉटरडॅमला काय डबा पुढे करतात? नाही ना? मग बघताय काय असं. तर मी विचारत होते, माझ्या खिडकीला लागून हा पिवळा पट्टा ओढलाय तो कशाचा? कशाचाच नाही? वा. इतके दिवस भिंत रंगवताय आणि कशाचं काहीच नाही. खालचा म्हणतो हेरिंग मासा आहे, पोस्टवाली म्हणते पूर आलाय, आणि तुम्ही म्हणता ज्याने त्याने आपापलं बघावं. बघणारे काय कमी आहेत इथे? मी पडदा उगाच नाही लावत. हो, माहितीय, अख्ख्या गल्लीत माझाच लावलेला असतो — पडदा लावला की इथे लोकांना वाटतं काहीतरी लपवतेय. लपवायचंय काय त्यात? नवरा लेवार्डनला गेलाय, बहिणीकडे. वुब्बो नाव त्याचं. बहिणीला बरं नाही. असतं एखादीला उन्हाळाभर बरं नाही, तुम्हाला काय त्रास?

विषय बदलू नका. तुम्ही घरोघर फिरलात ना, घरातला एक रंग द्या, भिंतीवर लावतो म्हणून — कुणी किटलीचं झाकण दिलं, कुणी लोकरीचा धागा — आणि मी काय दिलं? तोंडावर दार लावलं. मग हा रंग आला कुठून? दुकानातून? थापा कुणाला मारता? हा दुकानात मिळतच नाही. गावाबाहेर आमचा भाजीचा वाफा आहे, भाड्याचा, तिथल्या खोपटाच्या दाराला आहे हा रंग. स्वयंपाकघराचा उरलेला पिवळा आणि सायकलचा हिरवा, आम्ही दोघांनी एका बादलीत ढवळला. मी म्हटलं, दाराला कावीळ झालीय — तर तो इतका हसला, इतका हसला की हातातली काठी बादलीत पडली. दुसऱ्या कुणाकडे नाही हा रंग. असणारच नाही.

म्हणजे तुम्हाला कुणीतरी पढवलंय. समोरच्या हिलेखीननं, दुसरं कोण. तिचा नवरा वारल्यापासून पडदे सताड उघडे टाकून दिव्याखाली विणत बसते, आणि आमचा हा रोज संध्याकाळी इथे, या खुर्चीत, तिकडे तोंड करून. काय बघतोस रे, म्हटलं. म्हणे, उजेड. उजेड म्हणे — मला काय कळत नाही? ओढला पडदा. दुसऱ्या दिवशी त्यानं उघडला, मी परत ओढला, तिसऱ्या दिवशी त्यानं हातसुद्धा लावला नाही, आणि मग — मग बहिणीला बरं नाहीसं झालं. सांगितलं ना मघाशी.

काय? हिलेखीन नाही? मग कोण? — म्हातारा? कसला म्हातारा? टोपी कानापर्यंत ओढलेली? आणि लाकडाची ढलपी आणून दिली, ह्याच रंगाची? म्हणजे तो खोपटात — अहो, पण तिथे रात्री राहू देत नाहीत कुणाला, आणि आता थंडी पडली की पाणी बंद करतात तिथलं. खोकत होता का? कमी की जास्त? — आणि म्हणाला काय? पाल्हाळ नको, त्याच्या तोंडचे शब्द सांगा. चौथा मजला, पडदा लावलेली खिडकी... थांबा. 'आमची' म्हणाला? नीट आठवा. 'तिची' नाही म्हणाला? 'आमची खिडकी आहे, तिच्याशेजारी लावा' — अस्संच? पदरचं घालत नाही ना तुम्ही? तुम्हा चित्रकारांचा काय नेम.

बरं. सरका पलीकडे, मला खिडकी लावायचीय. बाहेर जायचंय. कुठे? तुम्हाला काय करायचंय.