फोनने बघितलं

दाताच्या दवाखान्यात शिंपीणकाकूंचा गाल बधिर झाला होता. बोलणं बंद, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेजारी एक तरुण दाढ धरून बसला होता आणि त्याची मैत्रीण त्याला धीर देत होती.

“शनिवारी तुझे आईबाबा आमच्याकडे येताहेत. लग्नाचं बोलायला.”

“आं? कोणी ठरवलं?”

“तुझ्या फोनने. हल्ली ते आपल्या वतीने बोलतात ना. माझ्या फोनने लग्नाचं विचारलं, त्याने होकार दिला, मग दोघांनी मिळून घरी कळवलं.”

“अगं, त्याने मला विचारलं तेव्हा मी नुसतं ‘बघू’ म्हटलं होतं!”

“मग बघितलं त्याने.”

“बघू म्हणजे नाही! शेंबडं पोरही सांगेल.”

“अस्सं. म्हणजे तीन वर्षं तू मला नाही म्हणत होतास?”

“छे गं! तुझ्या बाबतीत बघू म्हणजे हो, पण घाबरत घाबरत.”

“घाबरणं तेवढं फोनने गाळलं.”

“पुढे इंटरनेटवर सगळं असंच होणार म्हणे. फोन आपापसांत ठरवणार, आपण इस्त्रीचे कपडे घालून हजर व्हायचं.”

“आणि नवराबायकोची भांडणं?”

“तीही फोनच करतील. आपण तोवर फिरून येऊ.”

“मग शनिवारचं रद्द करायला सांगू?”

“नको.”

“नको म्हणजे काय ते नीट सांग. फोनला नाही, मला.”

“हो.”

“ऐकू नाही आलं.”

“हो! हो! हो!”

आतून परिचारिका डोकावली.

“दाढ काढायला इतका उत्साह? या, या.”

“अगं, शनिवारी गाल सुजलेला असेल माझा!”

“जा रे. बाबा म्हणतील, मुलगा खात्यापित्या घरचा दिसतो.”