काकूचा डबा

न्हाई, तुम्हीच सांगा! पुण्यात काचेचं ऑफिस, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, अकरा जणांचं करिअर ज्याच्या हातात... त्या माणसानं सकाळी सकाळी टेबलावर स्टीलचा रिकामा डबा ठेवून त्याच्याकडं बघत बसायचं? आं? मॅनेजर हाय म्हणं मी, मॅनेजर!

हे अकरा जण म्हंजे मोबाईलवरचे फेमस लोकं. टॅलेंट म्हणायचं त्यान्ला. एक पोरगी नुसती कॉफी पिते. पिते म्हंजे, पीत बी न्हाई, कपाला ओठ लावून खिडकीतून बघते... नऊ लाख लोकं बघून राह्यलेत! परवा म्हणलं, "ताई, कॉफी गार झाली." तर म्हणते, "प्रेम, प्लीज, मला डायरेक्ट काही सांगत जाऊ नकोस. मेल टाक." अहो, समोर बसलो व्हतो! गुडघ्याला गुडघा लागून राह्यला आन् मेल टाक!

आन् आमच्या दैवशालाकाकू? गावाकडं आष्टीत आमच्या शेजारी ऱ्हातात. माझं पहिलं टॅलेंट! लोकं आपापली भांडणं लिहून पाठवायचे, सासू-सुनेची, बांधाची, भावाभावाची. मी वाचायचो, काकू तव्यावर भाकर टाकायच्या आन् भाकर फुगायच्या आत निकाल! "सून बराबर हाय. सासूनं गप बसावं. चल, दुसरं वाच." बस. तीन लाख लोकं! कॅमेरा म्हंजे माझा फुटक्या काचेचा मोबाईल, मोसंबीच्या क्रेटला काकूच्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेला. आन् रेंज कुठं? तर पाण्याच्या टाकीवर! मी वर चढायचो, खालून काकू वरडायच्या, "व्हिडिओ गेला का रं?" "न्हाई वं काकू, गोल गोल फिरून राह्यला!" "मंग उतर जल्दी, भाकर गार व्हऊन राह्यली!"

लई चांगले दिवस व्हते हो. तवा कळलं न्हाई.

मंग काय झालं, एका कंपनीनं काकूला तोंडाला लावायची क्रीम पाठवली. चकचकीत स्टीलच्या डब्यात, फॅशन म्हणून! व्हिडिओ जमला तर वर्षाचं काम पक्कं. मी काकूला चार वेळा समजावलं, डबा हातात धरायचा, नाव घ्यायचं, हसायचं. काकू बिलकुल तयार. आन् मी एक दिवस जालन्याला काय गेल्तो... काकूनं क्रीम वाटीत काढली, डबा घासला, पुसला, शेंगदाण्याची चटणी ठासून भरली आन् दिला कुरिअरनं परत!

"का काकू? का?"

"लोकाचं भांडं रिकामं परत करत असत्यात का रं? तुह्या मायनं शिकवलं न्हाई तुला?"

तिकडून मॅडमचा फोन. "प्रेम, आम्ही क्रीम पाठवली होती. ह्यात लसूण आहे!" माल पसंत नाही म्हणून परत आला, असं धरलं त्यांनी. काम खल्लास.

मी काय केलं, सांगू? सगळ्या गल्लीसमोर काकूवर वरडलो. "तुमच्या अडाणीपणानं माझं करिअर बुडालं!" म्हणलं. म्हणलं हो मी असं! काकूनं काही निकाल दिला न्हाई. त्या दिवशी तव्यावरची भाकर जळाली त्यांची. पहिल्यांदाच.

महिन्याभरात पुण्याची ही नोकरी लागली. निघालो तर काकू स्टँडवर आल्त्या. हातात डबा, त्यांच्या लग्नातला, झाकणावर नाव कोरलेलं. आत धपाटे आन् तीच चटणी. "रस्त्यानं खा," म्हणल्या.

दोन वर्षं झाली त्याला. तो हा डबा! आता परत करायचा तर भरायचा कशानं? दुकानातलं भरलं तर काकू झाकण उघडताच वासावरून वळखतील. आन् माझ्या हातचं काय येतं मला? मेल टाकता येतो. मेल भरू डब्यात? ह्या लाजंनं दोन वर्षं फोन केला न्हाई. मॅनेजर हाय म्हणं मी, मॅनेजर!

आन् काल काकूचाच फोन. "प्रेम, डबा कुठंय रं माहा?"

"हाय काकू... भरायचा राह्यलाय."

मागं भाकरीची थपथप ऐकू येऊन राह्यली. आन् तुम्हाला सांगतो, ज्या बाईनं कंपनीचा डबा रिकामा जाऊ दिला न्हाई, ती बाई म्हणली, "मंग रिकामाच आण. पण तू घिऊन ये. पार्सल नको."

भाकर फुगायच्या आत निकाल!

डोळे भरून आले हो... म्हणलं, निघायचं! लगेच. कानाचा मोबाईल काढून त्यातच तारखा बघितल्या. शनिवारी कॉफीवालीचं शूट. रविवारी दुसऱ्या टॅलेंटच्या हातनं दुकानाचं उद्घाटन. पुढचा आठवडा फुल, त्याच्या पुढचा बी फुल. अकरा जणांच्या तारखा मी देतो, मी! आन् माझी एक निघंना. तिकडं काकू फोन धरून उभ्या.

म्हणलं, "काकू, तारीख बघून कळवतो."

कळवतो म्हणलं हो मी... काकूला!

मॅनेजर हाय म्हणं मी. मॅनेजर.