मोकळा झालेला नंबर

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते. भाऊ कुठल्याशा आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा.

“ताई, आमचे ड्राफ्ट्समन काका निवृत्त झाले ना, तेव्हा मी त्यांचं कॉम्प्युटरवरचं खातं काढून टाकलं. फोल्डर मात्र तसंच ठेवलं.”

“मग बिघडलं काय?”

“आमच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, त्याच्या खात्याचा नंबर लिहितं. काकांचा मोकळा झालेला नंबर त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीला गेला. त्यांच्या सगळ्या फायली तिच्या नावावर दिसायला लागल्या.”

“आणि तुझ्या लक्षात नाही आलं?”

“नाही ना! तिला त्यात एका घराचा अर्धवट नकाशा सापडला. तिला वाटलं, साहेबांनी हे काम आपल्याला नेमून दिलंय. बिचारीने मान मोडून पुरा केला.”

“गुणी आहे पोरगी.”

“साहेबांनी तो गिऱ्हाइकाला दाखवला. त्याला एकदम पसंत. पाया खणायलासुद्धा घेतला.”

“मग चांगलंच झालं की! तुझं तोंड का उतरलंय?”

“अगं, ते घर काकांचं स्वतःचं होतं. कधीतरी बांधू म्हणून कित्येक वर्षं फावल्या वेळात काढत होते.”

“अरे देवा. कळवलंस त्यांना?”

“काल फोन केला. म्हटलं, चूक माझी आहे, हव्या तेवढ्या शिव्या घाला.”

“घातल्या?”

“छे. एवढंच म्हणाले, ‘जिना कुठून काढला रे तिने? माझं तिथेच अडलं होतं.’”